वाचकांचे प्रश्न : वायफायमध्ये ड्रायव्हरने काय करायचं आणि वरच्या सॉफ्टवेअरने काय

मागच्या महिन्यात या सदरात लिनक्सवरच्या वायफायबद्दल एका प्रश्नाला उत्तर दिलं होतं आणि त्यात सहज एक वाक्य लिहिलं होतं की "हे काम ड्रायव्हरचं नाहीच, ते युजरस्पेसचं आहे". (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर म्हणजे त्यातला वायफाय कार्ड चालवणारा भाग, आणि युजरस्पेस म्हणजे कर्नलच्या वर चालणारे बाकीचे प्रोग्रॅम.) त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. काही पत्रं लांब होती, ती कापून घेतलीत, राग मानू नका.

ताई, मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलला राहतो. लॅपटॉपवर उबंटू टाकलंय. वायफाय दर चार-पाच मिनिटांनी तुटतं आणि परत आपोआप जोडलं जातं. मित्र म्हणतो ड्रायव्हर भिकार आहे, दुसरा टाक. तीन वेळा बदलून झाला, फरक शून्य. नक्की तोडतंय कोण हे कळायचं कसं?
— विद्यार्थी, सांगली

आधी ड्रायव्हर बदलणं थांबव. तुझा प्रश्न एकदम बरोबर आहे, "तोडतंय कोण", आणि त्याचं उत्तर तुझ्या मशिनमध्ये लिहिलेलं असतं, फक्त ते वाचता यायला पाहिजे.

कोणतं काम कोणाकडे हे समजायचं असेल तर घड्याळ बघ. राऊटरकडून तुझ्या लॅपटॉपला एक फ्रेम (हवेतून येणारा माहितीचा एक गठ्ठा) आली की "मिळाली" अशी पोचपावती परत जायला लागते, आणि ती २.४ गिगाहर्ट्झवर १० मायक्रोसेकंदांत निघायला पाहिजे, ५ गिगाहर्ट्झवर १६. १० मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाखावा भाग. एवढ्या वेळात कर्नलला खबर पण लागत नाही, ड्रायव्हरला उठवून त्याच्याकडून पावती लिहून घेणं तर लांबच, म्हणून ते काम चिप स्वतःच करते, तिथे कोणाची परवानगी नाही कोणाचा विचार नाही. त्याच्या वरची पायरी म्हणजे कोणत्या स्पीडने पाठवायचं, फ्रेम हरवली तर परत पाठवायची का, राऊटरचा बीकन ("मी इथे आहे" अशी त्याची हाक, साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी येते) ऐकू येतोय ना. ही कामं कर्नलमधल्या मॅक८०२११ नावाच्या भागात होतात किंवा चिपच्या फर्मवेअरमध्ये (चिपच्या आतच चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये), चिप कशी आहे त्यावर. आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे कोणतं नेटवर्क निवडायचं, पासवर्ड कोणता, कॉलेजचं सर्टिफिकेट खरं की खोटं, एकदा नाही जमलं तर किती वेळाने परत बघायचं. इथे सेकंद दोन सेकंद गेले तरी कोणाचं काही बिघडत नाही. हे सगळं युजरस्पेसमध्ये, डब्ल्यूपीए सप्लिकंट नावाच्या प्रोग्रॅममध्ये, आणि त्याच्या डोक्यावर नेटवर्क मॅनेजर.

तू पासवर्ड टाकतोस ना, तो तसाच्या तसा हवेत जात नाही हे तर माहीतच असेल, पण तो ड्रायव्हरला पण दिला जात नाही. सप्लिकंट तो पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून ४०९६ फेऱ्या गणित करतो आणि २५६ बिटची किल्ली काढतो. (म्हणून राऊटरचं नाव बदललं आणि पासवर्ड तोच ठेवला तरी किल्ली वेगळी होते.) मग राऊटरबरोबर चार निरोपांची देवाणघेवाण होते, त्यातून त्या जोडणीपुरती किल्ली तयार होते, आणि ती तेवढी खाली ड्रायव्हरकडे जाते. ड्रायव्हरला तुझा पासवर्ड कळायची गरजच नाही, आणि मला हे वाटपातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं.

आता तुझं. वायफाय तुटल्या तुटल्या टर्मिनल उघड आणि डीमेसेज (dmesg, कर्नलची नोंदवही) बघ, शेवटच्या वीस ओळी. तिथे तीनपैकी एक काहीतरी दिसेल. "डीऑथेंटिकेटेड फ्रॉम" आणि पुढे राऊटरचा पत्ता, म्हणजे राऊटरने तुला बाहेर काढलं, आणि कंसात कारणाचा नंबर पण असतो. "कनेक्शन टू एपी लॉस्ट" म्हणजे कोणीच कोणाला काढलं नाही, बीकन ऐकू यायचे थांबले, मॅक८०२११ ने सलग सात बीकन हुकलेले बघितले, राऊटरला हाक मारून बघितली, उत्तर नाही आलं आणि मग सोडून दिलं. इथे अँटेना, अंतर, भिंत, पॉवर सेव्ह यांच्यावर संशय घ्यायचा. आणि तिसरी ओळ, "डीऑथेंटिकेटिंग फ्रॉम" आणि शेवटी "बाय लोकल चॉइस". नीट बघ, पहिल्यात "टेड" आहे आणि हिच्यात "टिंग". एवढाच फरक, पण अर्थ पूर्ण उलटा. ही ओळ सांगते की तोडा असा हुकूम तुझ्याच मशिनवरून, वरून आला. ड्रायव्हरने फक्त ऐकलं.

माझी पैज तिसऱ्या ओळीवर आहे, कारण हेच मी गेल्या वर्षी आमच्या गावाकडच्या एका वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बघितलंय. दोन दिवस मी पण ड्रायव्हरच्याच मागे होते. मग चालू प्रोसेसची यादी काढली तर डब्ल्यूपीए सप्लिकंट दोनदा. एक नेटवर्क मॅनेजरने सुरू केलेला, आणि दुसरा आधी कोणीतरी बूटच्या स्क्रिप्टमध्ये घालून ठेवलेला, आणि दोघांच्या हातात तेच एक कार्ड. एकाने जोडायचं, दुसऱ्याला वाटायचं की हे मी नाही केलं, त्याने तोडून स्वतःच्या पद्धतीने जोडायचं, की मग पहिल्याची पाळी. स्क्रिप्टमधली ती एक ओळ काढली आणि त्या दिवसापासून ते वायफाय तुटलेलं नाही. तू यादी काढ, दोन दिसले तर एक बंद कर. एकच दिसला तर डीमेसेजच्या त्या ओळी मला पाठव, पुढे बघू.

आम्ही गोदामात वापरायचे हातातले बारकोड स्कॅनर बनवतो. माणूस एका ॲक्सेस पॉइंटच्या भागातून दुसऱ्याच्या भागात जातो तरी स्कॅनर जुन्यालाच चिकटून बसतो, सिग्नल पार मेला तरी. चिप देणारे म्हणतात रोमिंग फर्मवेअर बघतं, तुम्ही वरून काही करू नका. माझी टीम म्हणते सप्लिकंटने करायला पाहिजे. ड्रायव्हर मी सांभाळते. कोणाचं खरं?
— एक डेव्हलपर, पुणे

तुमच्या टीमचं जास्त खरं आहे, पण चिपवाल्यांचं अगदी खोटं पण नाही. याला थोडा इतिहास सांगायला लागेल, कारण हाच वाद लिनक्सवाल्यांनी दहा-बारा वर्षं घातलाय आणि त्यातून जे निघालं ते आज तुमच्या कामाचं आहे.

नव्वदच्या दशकात एचपीमधल्या ज्याँ तूरिये यांनी वायरलेस एक्स्टेन्शन्स बनवली, म्हणजे वरच्या प्रोग्रॅमने वायफाय ड्रायव्हरशी बोलायची एक पद्धत, आयडब्ल्यूकॉन्फिग ही कमांड त्यातलीच. त्या काळी ते फार उपयोगी होतं, त्याच्याआधी प्रत्येक कार्डाची वेगळी तऱ्हा होती. पण त्यात एक गोम राहिली. एका वेळी एकच गोष्ट सांगता यायची. मोड सांगा, मग किल्ली सांगा, मग नेटवर्कचं नाव सांगा, मग हवा तर राऊटरचा पत्ता. आणि ड्रायव्हरने जोडायला कधी सुटायचं? बहुतेक ड्रायव्हर नाव मिळाल्या मिळाल्या सुटायचे. म्हणजे तुम्ही नाव आधी दिलंत आणि किल्ली नंतर, तर ड्रायव्हर किल्लीशिवायच धावत सुटलेला असायचा, आणि पत्ता द्यायच्या आत कुठल्यातरी तिसऱ्याच ॲक्सेस पॉइंटला जाऊन चिकटलेला. काही ड्रायव्हर जरा थांबायचे, काही नाही थांबायचे. वरच्या प्रोग्रॅमला कळायला मार्गच नाही की आपल्या खाली कोणत्या स्वभावाचा ड्रायव्हर आहे.

डब्ल्यूपीए सप्लिकंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये "एपी स्कॅन" नावाची एक सेटिंग आहे, तुम्ही बघितली असेलच. किंमत १ दिली तर नेटवर्क शोधणं आणि निवडणं सप्लिकंट करतो. ० दिली तर ते ड्रायव्हरवर सोडतो. २ दिली तर काहीसं शून्यासारखंच, पण फाइलमधल्या क्रमाने एकेक नाव ड्रायव्हरला देऊन बघतो. विंडोजचे ड्रायव्हर लिनक्सवर चालवायला एनडीआयएस रॅपर वापरायचो तेव्हा लोक सारखं सांगायचे, १ ने नाही होत का, २ करून बघ. या एका आकड्यात तो सगळा गोंधळ भरलेला आहे! निवडायचं कोणी हेच ठरलेलं नव्हतं म्हणून ते वापरणाऱ्याला विचारायला लागायचं, आणि बिचाऱ्या वापरणाऱ्याला काय माहीत.

२००७ च्या जुलैमध्ये कर्नल २.६.२२ आला, त्यात डिव्हाइसस्केप कंपनीने खुल्या केलेल्या कोडवर उभं राहिलेलं मॅक८०२११ आलं, आणि योहानेस बर्ग यांनी सीएफजी८०२११ आणि एनएल८०२११ हा नवा रस्ता बांधायला घेतला. मग २००९ च्या शेवटी २.६.३२ मध्ये "कनेक्ट" हा एकच हुकूम आला ज्यात नाव, किल्लीचा प्रकार, चॅनल, पत्ता सगळं एकदम एका पाकिटात जातं. अर्धवट माहितीवर धावायची सोयच ठेवली नाही.

आणि त्या पाकिटात पत्ता दोन तऱ्हेने देता येतो, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं. एक म्हणजे "यालाच जोड, दुसऱ्याला नाही". दुसरा म्हणजे "मला वाटतं हा बरा, पण तुला दुसरा चांगला दिसला तर घे". हुकूम आणि सल्ला. ड्रायव्हरने हुकमाला सल्ला समजलं की वरचं सगळं गणित बिघडतं, सप्लिकंटला वाटतं आपण अमुक ठिकाणी आहोत आणि फर्मवेअर परस्पर भलतीकडे गेलेलं असतं. तुमचा ड्रायव्हर या दोन्हींत फरक करतो का ते आजच बघा. मी बघितलेल्या कोडमध्ये बऱ्याचदा दोन्ही एकाच व्हेरिएबलमध्ये कोंबलेले असतात.

आता रोमिंग फर्मवेअरने करायचं का? फोनसाठी हो म्हणेन मी. फोन खिशात झोपलेला असतो, दर अर्ध्या मिनिटाला मुख्य प्रोसेसरला उठवून आजूबाजूला कोण आहे बघायला लावलं तर बॅटरी दुपारपर्यंत पण पुरणार नाही. एनएल८०२११ मध्ये त्यासाठी सोय पण आहे, ड्रायव्हरने आधी जाहीर करायचं की माझं फर्मवेअर स्वतः रोम करतं, आणि रोम केल्यावर नवा पत्ता वर कळवायचा. तुमचा स्कॅनर मात्र हातात जागा असतो, माणूस आठ तास तेच काम करत असतो आणि गोदामाचा नकाशा ठरलेला असतो. सिग्नल किती खाली गेला की हलायचं हा आकडा तुमच्या गोदामातल्या लोखंडी रॅकवर अवलंबून आहे, तो चिप बनवणाऱ्याने आपल्या ऑफिसात बसून ठरवलेला कसा चालेल? म्हणून तो वरच पाहिजे, जिथे एका कॉन्फिग फाइलमध्ये बदलता येतो.

सप्लिकंटमध्ये बीजीस्कॅन म्हणून आहे, त्यात "सिंपल" लिहून पुढे ३०, उणे ४५ आणि ३०० असे तीन आकडे देता येतात, म्हणजे सिग्नल उणे ४५ डीबीएमच्या (हे सिग्नलच्या ताकदीचं माप) खाली असेल तर दर ३० सेकंदांनी शोध, वर असेल तर ३०० ने. तुमच्यासाठी उणे ४५ फार वर होईल, उणे ६५ ते ७० च्या आसपास करून बघा आणि गोदामात चालून मोजा. आणि सिग्नल रेषेखाली गेला हे कळायला सप्लिकंटने सारखं विचारत बसायचं नसतं, ती रेष ड्रायव्हरला सांगून ठेवायची, ओलांडली की ड्रायव्हर कळवतो. तुमच्या ड्रायव्हरमध्ये हे नसेल तर पहिल्यांदा हे लिहा.

चिपवाल्यांना एवढंच विचारा की फर्मवेअरचं रोमिंग बंद करायची कळ आहे का. ब्रॉडकॉमच्या बीआरसीएमएफमॅक ड्रायव्हरला "रोम ऑफ" नावाचा पॅरामीटर आहे, म्हणजे अशी कळ देणं काही जगावेगळं नाही. कळ नसेल तर किमान फर्मवेअरने हललं की खरं खरं कळवलं पाहिजे. ड्रायव्हरने सांगितलेलं करावं आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगावं, माझं या विषयावरचं सगळं मत एवढंच आहे, आणि तुम्ही ड्रायव्हर सांभाळता म्हणून तुमच्याकडून मी ही अपेक्षा धरते.

मुलाने अमेरिकेहून लॅपटॉप आणला. घरातले सगळे फोन वायफाय पकडतात, या लॅपटॉपला आमचं नेटवर्क दिसतच नाही, शेजाऱ्यांचं मात्र दिसतं. दुकानदार म्हणाला राऊटर १३ नंबरच्या चॅनलवर आहे म्हणून. हे काय प्रकरण आहे? देश बदलायचं सेटिंग कुठे तरी असेल ना?
— निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

सर, दुकानदाराने बरोबर ओळखलंय. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅनल १, ६ किंवा ११ करा, पाच मिनिटांत काम होईल. उपाय एवढाच.

पण का, हे सांगायला मला आवडेल. अमेरिकेत २.४ गिगाहर्ट्झवर साधारणपणे ११ पर्यंतचे चॅनल वापरतात, आपल्याकडे १३ पर्यंत चालतात, १४ वा फक्त जपानात, तोही जुन्या ८०२.११बी साठी. तिकडे विकलेल्या कार्डाच्या आतच पुष्कळदा "अमेरिका" असं कोरलेलं असतं. तुम्ही वरून कितीही सांगितलंत की मी भारतात आहे, तरी कर्नल कार्डाच्या आणि देशाच्या दोन्ही यादींत जे असेल तेवढंच देतो. वरच्या माणसाच्या शब्दाने बंधन वाढू शकतं, कमी होत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलंय आणि मला पटतं, कारण रेडिओ लहरी तुमच्या एकट्याच्या घरातल्या नसतात, वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर रडारही असतात.

हे काम कोणाकडे द्यायचं यावर पण बरेच प्रयोग झालेत. २००६ च्या सुमाराला इंटेलच्या ३९४५ कार्डाबरोबर एक बंद, कोड न दिलेला डीमन (मागे गुपचूप चालणारा प्रोग्रॅम) यायचा. तो युजरस्पेसमध्ये चालायचा आणि चॅनल-पॉवरचे नियम पाळले जातायत ना ते बघायचा, तो नसेल तर कार्ड चालायचंच नाही. लोक वैतागले, ज्यांना आपली सिस्टिम पूर्ण खुली पाहिजे होती त्यांनी ते कार्डच टाकून दिलं. पुढच्या ड्रायव्हरमध्ये इंटेलने ते काम फर्मवेअरमध्ये नेलं आणि डीमन गेला. मग कर्नलवाल्यांनी सगळ्या देशांच्या नियमांची एक उघडी यादी बनवली, ती सीआरडीए नावाचा छोटा प्रोग्रॅम कर्नलला वाचून दाखवायचा, आणि २०१८ च्या सुरुवातीला आलेल्या ४.१५ पासून कर्नल ती सही केलेली फाइल स्वतःच वाचतो. म्हणजे सगळंच युजरस्पेसमध्ये जायला पाहिजे असं माझं अजिबात म्हणणं नाही. "मी कुठल्या देशात आहे" हे वरच्याने सांगायचं, आणि "मग इथे काय चालतं" हे कर्नलने सांभाळायचं, जिथे कोणी सहज हात घालू शकणार नाही.

५ गिगाहर्ट्झवर ही वाटणी आणखी छान दिसते. आपल्याकडे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला, आणि त्यातल्या मधल्या काही चॅनलवर राऊटरने बोलायच्या आधी रडार आहे का ते ऐकायचं असतं, साधारण एक मिनिट. रडारचा तो बारीक ठोका ओळखणं चिपचं काम, कारण तेवढ्या वेगाने दुसऱ्या कोणाला जमणार नाही. "हा चॅनल आता ३० मिनिटं बंद" अशी पाटी लावणं कर्नलचं. आणि मग कुठे जायचं, जोडलेल्या लोकांना कसं सांगायचं हे होस्टएपीडी या राऊटरचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमचं, म्हणजे युजरस्पेसचं. तिघांतल्या कोणीही दुसऱ्याचं काम ओढून घेतलेलं नाही.

आमचं छोटं लॉज आहे. खोल्यांमध्ये टीव्हीचे जुने अँड्रॉइड बॉक्स आहेत, रिसेप्शनला लिनक्सचा कॉम्प्युटर. वायफायमधल्या सुरक्षेच्या चुका निघतात त्या सप्लिकंट अपडेट केला की जातात असं ऐकलं. खरं का?
— कोल्हापूर

अर्धं खरं, आणि उरलेलं अर्धं तुमच्या बॉक्समध्ये आहे.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये मॅथी व्हानहूफ या बेल्जियन संशोधकाने क्रॅक नावाचा हल्ला जाहीर केला. वर सांगलीच्या मुलाला सांगितलेले चार निरोप आठवा. त्यातला तिसरा परत परत पाठवला की समोरचं मशिन तीच किल्ली परत बसवायचं आणि मोजणी शून्यापासून सुरू करायचं, मग गुपित उघडं पडायची वाट मिळायची. सप्लिकंटच्या २.४ आणि त्यानंतरच्या आवृत्तीत तर फारच वाईट, किल्ली एकदा बसवल्यावर तो ती मेमरीतून पुसून टाकायचा (जे एरवी चांगलंच) आणि परत बसवताना सगळी शून्यं असलेली किल्ली बसायची. दुरुस्ती सप्लिकंटमध्ये झाली, शिवाय मॅक८०२११ ला पण शिकवलं की तीच किल्ली परत आली तर घेऊ नकोस. रिसेप्शनचा कॉम्प्युटर अपडेट केलात की मोकळे.

पण सगळ्या चिपांमध्ये हे चार निरोप सप्लिकंट करतोच असं नाही. काही चिपांमध्ये ते फर्मवेअरच उरकून टाकतं, परत बॅटरी आणि वेगाचं कारण. तिथे सप्लिकंट कितीही नवा टाका, चूक आहे तिथेच राहते, फर्मवेअर नवं यायला लागतं, आणि जुन्या स्वस्त बॉक्सला ते देणारं मागे कोणी उरलेलं नसतं. २०२१ च्या मे महिन्यात फ्रॅगअटॅक्स निघाले तेव्हा तर उलटंच झालं. ती चूक फ्रेमचे तुकडे जोडण्यात होती आणि ते काम मॅक८०२११ चं किंवा फर्मवेअरचं, त्यामुळे नुसता सप्लिकंट बदलून काहीच साधलं नसतं, कर्नल आणि फर्मवेअर अपडेट करायला लागले.

तुम्ही एक करा, त्या बॉक्सना पाहुण्यांच्या वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, रिसेप्शनच्या बिलांच्या कॉम्प्युटरशी त्यांचा काही संबंध येऊ देऊ नका. आणि पुढचा बॉक्स घेताना शेवटचं अपडेट कधी आलं हे विचारून घ्या, स्क्रीनच्या रेझोल्यूशनपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

कॉलेजात अजून आयडब्ल्यूकॉन्फिगच शिकवतात. शिकू का?
— छत्रपती संभाजीनगर

परीक्षेपुरतं शीक, पण हाताला सवय आयडब्ल्यूची, म्हणजे एनएल८०२११ च्या नव्या रस्त्याने बोलणाऱ्या कमांडची, लाव. नव्या कर्नलवर जुन्या पद्धतीचा प्रोग्रॅम चालवलास तर कर्नल स्वतःच इशारा देतो की वायफाय ७ च्या हार्डवेअरवर हे चालणार नाही. कारण सोपं आहे, वायफाय ७ मध्ये एकाच जोडणीला एकापेक्षा जास्त लिंक असू शकतात, एक ५ वर एक ६ गिगाहर्ट्झवर अशा, आणि जुन्या रस्त्यात एका कार्डाला एक पत्ता आणि एक फ्रिक्वेन्सी एवढीच जागा आहे.

तुमचं वाचून मला हे आतून बघावंसं वाटतंय, पण माझ्याकडे एकच लॅपटॉप आहे, त्याच्यातली चिप कोणत्या प्रकारची ते पण माहीत नाही, आणि घरचं वायफाय मोडलं तर आई ओरडेल. सुरुवात कुठून करू?
— विद्यार्थिनी, नांदेड

तुझं पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला. आईला काही कळणार पण नाही, बघ कसं ते.

आधी चिपचा प्रकार. "आयडब्ल्यू लिस्ट" चालव, लांबलचक यादी येईल, त्यात "सपोर्टेड कमांड्स" शोध. तिथे "ऑथेंटिकेट" आणि "असोसिएट" दिसले तर तुझी चिप सॉफ्टमॅक, म्हणजे जोडणीच्या पायऱ्या कर्नलमध्ये मॅक८०२११ चालवतो. ते दोन नसतील आणि नुसतं "कनेक्ट" असेल तर फुलमॅक, म्हणजे कर्नलने पाकीट दिलं की आतलं सगळं फर्मवेअर बघतं. रास्पबेरी पायमधली चिप या दुसऱ्या प्रकारची आहे.

मग खरी मजा. कर्नलमध्ये मॅक८०२११ एचडब्ल्यूसिम नावाचं मॉड्यूल आहे, ते खोटे रेडिओ तयार करतं. मॉडप्रोबने (कर्नलमध्ये मॉड्यूल घालायची कमांड) ते लोड कर आणि रेडिओ २ असं सांग. तुझ्या लॅपटॉपमध्ये दोन नवीन वायफाय कार्डं उगवतील, ज्यांना ना अँटेना ना हवा, एकाने पाठवलेली फ्रेम कर्नलच दुसऱ्याच्या हातात ठेवतो. घरच्या वायफायला धक्का लागत नाही, फक्त नेटवर्क मॅनेजरला सांगून ठेव की या दोघांना हात लावू नकोस, नाहीतर वर सांगितलेल्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरसारखं होईल. आता एका कार्डावर होस्टएपीडी चालव, तो तुझा राऊटर. दुसऱ्यावर डब्ल्यूपीए सप्लिकंट चालव, कॉन्फिगमध्ये तोच पासवर्ड. तिसऱ्या खिडकीत "आयडब्ल्यू इव्हेंट" चालू ठेव, म्हणजे ड्रायव्हर वर काय काय कळवतो ते येत जाईल. आणि एचडब्ल्यूसिम० म्हणून एक इंटरफेस दिसेल, तो चालू कर आणि वायरशार्कमध्ये (फ्रेम उलगडून दाखवणारा प्रोग्रॅम) उघड, त्यात त्या खोट्या हवेतली प्रत्येक फ्रेम दिसते.

पहिल्यांदा सगळं बरोबर ठेवून जोडून बघ. ते चार निरोप एकामागे एक जाताना दिसतील, आणि त्यांच्यानंतरच सप्लिकंटच्या लॉगमध्ये किल्ली बसवल्याची ओळ येईल. मग सप्लिकंटच्या फाइलमधला पासवर्ड मुद्दाम एक अक्षर चुकव आणि परत चालव. ऑथेंटिकेट होईल, असोसिएट पण होईल, ड्रायव्हरच्या बाजूने सगळं ठीकच दिसेल, पहिला निरोप येईल, दुसरा जाईल, आणि तिसरा येणारच नाही. थोड्या वेळाने राऊटर पंधरा नंबरचं कारण देऊन बाहेर काढेल. ते बघितलंस की त्या फ्रेमचा फोटो काढून मला पाठव, आणि सांग की पासवर्ड चुकलाय हे त्या दोघांपैकी आधी कोणाला कळलं, आणि कशावरून.